हिरव्या पट्ट्याला कड हवी

आमच्या दुकानासमोर रस्त्याच्या डाव्या अंगाला हिरवा पट्टा आहे. एसटी स्टँडपासून हायस्कूलपर्यंत जातो. थोड्या थोड्या अंतरावर त्याच्यावर पांढऱ्या रंगात सायकल काढलेली आहे. हे लिहितेय तेव्हा दुपारचे साडेबारा झालेत आणि माझ्या समोरच्या त्या पांढऱ्या सायकलीवर एक बोलेरो पिकअप उभी आहे. तिच्या मागे दोन रिक्षा, मग कुणाची तरी स्विफ्ट, पुढे तीन-चार अ‍ॅक्टिव्हा तिरप्या लावलेल्या. संध्याकाळी शाळा सुटली की पोरं या सगळ्यांना वळसा घालून, चिऱ्याचे ट्रक आणि वाळूचे डंपर जातात त्या भागातून घरी जातील. त्यांच्यासाठी केलेली जागा भरलेली असेल.

गाव सिंधुदुर्गातलं, किनाऱ्याजवळचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. कुठल्या कार्यालयाला किंवा साहेबाला धारेवर धरायचं माझ्या मनात नाही, आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बाजाराच्या रस्त्यावर उभे राहिलात तर थोड्याफार फरकाने हेच दिसेल. मला लिहायचंय ते एवढंच: सायकलच्या पट्ट्याला नुसता रंग पुरत नाही. गाडीचं चाक अडेल अशी कड लागते. ती कशाची असावी, कशी असावी, आमच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात काय टिकेल, यावर मी बराच विचार केलाय, कारण माझं पोट सायकलीवर आहे.

दुकान बाबांचं. ते तासावर सायकली भाड्याने द्यायचे. माझ्या वयाची बरीचशी माणसं त्यांच्याच सायकलींवरून पडून सायकल शिकली. आता दुकान मी बघते. दुरुस्ती, सुटे भाग, थोड्या नव्या सायकली. बाबा संध्याकाळी येऊन बसतात. चाकाचा आउट काढायचं, म्हणजे डगमगणारं चाक स्पोक ओढून सरळ करायचं काम अजूनही त्यांच्या हातचंच चांगलं होतं. माझी बसायची जागा अशी आहे की पट्टा दिवसभर नजरेसमोर असतो.

पट्टा रोज एकदा तरी चालतो, हे आधी सांगते. पहाटे. सगळ्यात आधी पाववाला जातो, मागे टोपली, भोंगा वाजवत. मग मासे घेऊन वाडीवाडीत जाणारे दोघे-तिघे, कॅरिअरला क्रेट बांधलेला, खालून बर्फाचं पाणी ठिबकतंय. सकाळच्या क्लासची मुलं. फिरायला निघालेले एक निवृत्त गुरुजी, जे गुडघ्यांमुळे चालत नाहीत पण सायकल चालवतात. या वेळी पट्टा पट्ट्यासारखा दिसतो. आठ वाजले की पहिली गाडी लागते. एक लागली की दुसरीला धीर येतो. नऊपर्यंत पट्टा संपलेला असतो. तो पुन्हा उघडतो तो रात्री, दुकानं बंद झाल्यावर, जेव्हा सायकलवाला कुणी उरलेला नसतो.

गेल्या पावसाळ्याच्या आधी आठवीतली एक मुलगी सायकल उचलून घेऊन आली. ढकलत नव्हती, कारण पुढचं चाक फिरतच नव्हतं. रिमचा आठाचा आकडा झाला होता, चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, मागे वाकून फ्रेमच्या पाइपला टेकला होता. "ताई, गाडीचां दार उघडलां," एवढंच म्हणाली. पट्ट्यावर एक कार उभी, ही तिच्या उजवीकडून चाललेली, ड्रायव्हरने मागे न बघता दार उघडलं. दाराची कड हँडलला लागली आणि ती रस्त्याच्या आतल्या बाजूला पडली. कोपर सोललं होतं, गुडघ्याला खडी रुतली होती. मागून त्या क्षणी डंपर येत नव्हता. त्या दिवशी तिला वाचवलं ते फक्त या एका गोष्टीने. गाडीवाला माणूस भला होता, घाबरून गेला होता, तिच्यासोबत दुकानापर्यंत आला, पैसे त्याने दिले. मी रिम बदलली. चिमटा सरळ करून देतात काही जण, मी देत नाही. वाकलेलं लोखंड एकदा सरळ केलं की पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही. नवा घातला. बाबांनी स्पोक भरले, आउट काढला. सायकल दुसऱ्या दिवशी ठीक झाली. पण मुलगी त्यानंतर बरेच दिवस आईच्या स्कूटरवर मागे बसून शाळेला जाताना दिसायची, आणि तिची सायकल घराच्या पडवीत.

याला मी अपघाताचा खरा खर्च म्हणते. रिम-चिमट्याचा हिशोब मी कागदावर लिहून देते, पण एक मूल सायकल सोडतं तो कुठे लिहायचा?

गाडी लावणारी माणसं वाईट नसतात, हे मी रोज बघते. "पाच मिनटां, ताई. आत्ता येतंय," म्हणून जातात. कुणी औषध आणायला, कुणी एटीएममध्ये, कुणी आजारी आईला डॉक्टरकडे सोडायला. प्रत्येकाची पाच मिनिटं खरी असतात. पण एकाची संपतात तोवर दुसऱ्याची सुरू होतात, आणि पट्ट्याच्या वाट्याला मिनिटभरही मोकळं येत नाही. मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो, गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्या, आठवडा बाजाराला आजूबाजूच्या गावांतले छोटा हत्ती. चाकरमान्यांना दोष द्यायची आपल्याकडे सवय आहे, पण वर्षाचे बाकीचे दिवस पट्टा अडवणाऱ्या गाड्यांची पाटी बघा. एमएच शून्य सात. आपलीच.

कायदा आहे का? आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत फुटपाथ, सायकल ट्रॅक आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी करायला सरळ मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण दंड १०० रुपयांवरून ५०० झाला, पुन्हा तीच चूक केली तर १,५००. पण दंड करायला माणूस लागतो. आमच्यासारख्या गावात वाहतुकीचा पोलीस चौकात एकटा असतो. नाक्यावरची कोंडी सोडवायची, व्हीआयपी दौरा आला तर तिकडे पळायचं, गणपतीत बंदोबस्ताला उभं राहायचं. त्याने सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत पट्ट्यावर पहारा द्यावा ही अपेक्षाच चुकीची. त्याने एक फोटो काढून चलान फाडेपर्यंत मागे दुसरी गाडी लागलेली असते, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय. कड मात्र बारा तास उभी राहते, जेवायला जात नाही, ओळखीच्या माणसाला सोडत नाही.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. आमच्या रस्त्यावर ते एकदा घडून गेलंय, कुणी ठरवलेलं नसताना. पाण्याची पाइपलाइन टाकायचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराने सिमेंटचे कर्ब ब्लॉक आणून ठेवले. नेमके पट्ट्याच्या बाहेरच्या रेषेवर, एकापुढे एक, शाळेच्या गेटपासून जवळजवळ आमच्या दुकानापर्यंत. खोदकाम रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला चाललं होतं, अलीकडे फक्त हे ब्लॉक. पहिल्या दिवशी गाडीवाले आले, ब्लॉक बघितले, थोडे पुढे गेले आणि नारळाच्या वखारीमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावून चालत आले. कुणी भांडलं नाही. कुणी पाटी लावली नव्हती. संध्याकाळी शाळा सुटली आणि पोरं न सांगता ब्लॉकच्या आतून निघाली. दोघी-दोघी शेजारी, गप्पा मारत. मला आठवतं, बाबा हातातला पाना खाली ठेवून बघत राहिले. काम चालू होतं तेवढे दिवस असंच चाललं. काही आया मुलांना सोडायला येण्याच्या थांबल्या. गुरुजी दुपारी पण दिसायला लागले. मग काम संपलं, ट्रक आला, ब्लॉक उचलून दुसऱ्या कामावर गेले. त्याच संध्याकाळी पट्ट्यावर रिक्षा उभी होती.

कोकणी माणसाला हे समजवायला लागू नये खरं तर. आपण परड्याला गडगा घालतो. गुरांनी आत येऊ नये अशी पाटी कुणी लावत नाही, राखणीला दिवसभर माणूसही बसवत नाही. चिरे रचले की काम झालं.

बाहेर काय झालं ते मी मिळेल तसं वाचत असते. लिथुआनियाची राजधानी विल्निअस, तिथले तेव्हाचे महापौर आर्तुरास झुओकास यांनी २०११ मध्ये सायकल लेनमध्ये उभी असलेली एक मर्सिडीज चिलखती गाडीखाली चिरडली. ती चित्रफीत जगभर फिरली. तो देखावा होता, गाडी त्यासाठीच आणलेली होती. लोकांचा राग त्यातून व्यक्त झाला, त्यामुळे ती मला आवडतेही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लेनमध्ये गाडी लागू नये यासाठी चिलखती गाडीचा उपयोग नाही. त्यासाठी वीत-दीड वीत उंचीचं काँक्रीट पुरतं.

मला जास्त जवळचं वाटतं ते स्पेनमधलं सेव्हिल. ऊन आपल्यासारखंच कडक, आणि सायकलची सवय शहराला जवळजवळ नव्हतीच. २००६ नंतर त्यांनी दीडेक वर्षात सुमारे ८० किलोमीटर सायकलमार्ग एकदम केले. तुकड्यातुकड्यांनी केले नाहीत, एकमेकांना जोडलेले केले, आणि वाहतुकीपासून कडेने वा कुंपणाने वेगळे केले. त्यासाठी गाड्या लावायच्या साधारण ५,००० जागा काढून टाकल्या. रोजचा सायकलींचा वापर सहा हजारांच्या आसपास होता, तो सत्तर हजारांवर गेला. म्हणजे लोकांना सायकल नको होती असं नव्हतं. त्यांना भीती वाटत होती.

भीती खरी आहे याला मोजमापही आहे. ऑस्ट्रेलियात मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी मेलबर्नमधल्या ६० जणांच्या सायकलींना अंतर मोजायचं यंत्र लावलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. जिथे नुसता रंगवलेला पट्टा आणि त्याच्या कडेला उभ्या गाड्या, तिथे मागून येणाऱ्या गाड्या सायकलच्या सरासरी ४० सेंटीमीटर जास्त जवळून गेल्या, कसलाच पट्टा नसलेल्या साध्या रस्त्याच्या तुलनेत. ड्रायव्हरला वाटतं, ती तिच्या रेषेत, मी माझ्या रेषेत, मग कशाला हात राखून चालवू? त्याच वर्षी अमेरिकेतल्या १२ मोठ्या शहरांचा १३ वर्षांचा अभ्यास आला. जिथे सायकलमार्ग कडेने वेगळे केलेत, तिथे रस्त्यावरचे मृत्यू सगळ्यांचेच कमी, गाडीत बसलेल्यांचेसुद्धा. नुसत्या रंगाने हा फायदा दिसला नाही.

आपल्या देशातली उदाहरणं वाचताना मात्र वाईट वाटतं. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमाराला १३ किलोमीटरचे सायकल ट्रॅक झाले. त्यांच्यावर गाड्या लागत राहिल्या, सायकली दिसेनाशा झाल्या, आणि शेवटी २०२५ मध्ये ट्रॅक काढून रस्ता रुंद करायचं ठरलं. बंगळुरूत २०२० च्या ऑक्टोबरात आउटर रिंग रोडवर प्लॅस्टिकचे खांब लावून लेन केली होती. खांब गाड्यांखाली मोडत गेले. दोन्हीकडे शेवटी लोक काय म्हणतात? "बघा, कुणी सायकल चालवतच नाही." आधी गाड्यांना जागा घेऊ द्यायची आणि मग सायकलवाल्यालाच विचारायचं, तू कुठे होतास.

म्हणून आमच्या रस्त्याला काय लावायचं हे मी नीट लिहिते. इथे घाई केली तर दोन पावसाळ्यांत सगळं मोडेल आणि "कड लावून बघितली, उपयोग झाला नाही" असं ऐकावं लागेल.

पहिली सूचना नेहमी येते ती लोखंडी खांबांची. दिसायला छान, पिवळे-काळे. माझं ठाम मत आहे की किनाऱ्यावर साधं लोखंड नको. माझ्याकडे रोज सायकली येतात त्या बघा. समुद्राजवळच्या वाडीतली सायकल असेल तर स्पोकचं निपल, म्हणजे टोकाची बारीक चाकी, पान्याने फिरत नाही, जोर केला की स्पोक तुटून हातात येतो. चेन गंजून सळईसारखी ताठ. खारा वारा एवढ्या बारीक ठिकाणी शिरतो, तर जमिनीत रोवलेल्या पोकळ पाइपचं काय होईल? तो जमिनीलगत कुजतो, जिथे पाणी साचतं तिथे, आणि वरून रंग चांगला दिसत असतानाच एक दिवस रिक्षाच्या धक्क्याने आडवा होतो. मागे राहते ती धारदार खुंटी, पोरांच्या टायरसाठी आणि पायांसाठी.

दुसरी सूचना जांभ्याची. चिरा आपला, स्वस्त, रंगाने साजरा. पण जांभा मऊ. गाडीच्या टायरची धडक बसली की कोपरे झडतात, लाल भुकटी पट्ट्यावर पसरते, आणि पावसात तीच निसरडी होते. घराला जांभा, गडग्याला जांभा. रस्त्याच्या कडेला काँक्रीट.

तर काँक्रीटचे तयार ब्लॉक, जसे ठेकेदाराने ठेवले होते तसे. त्यांना आत सळईही लागत नाही, म्हणजे गंजायला काही नाही. मात्र ते जमिनीत बसवलेले हवेत, नुसते ठेवलेले नकोत, नाहीतर रात्री कुणीतरी सरकवून गाडीपुरती वाट करणारच. उंचीचा प्रश्न नाजूक आहे आणि तो सायकल दुरुस्त करणाऱ्यालाच लवकर कळतो. सायकलचं पायडल खाली आलं की त्याच्याखाली जमिनीपर्यंत दहा-बारा सेंटीमीटरच उरतात. कड उभी आणि त्याहून उंच असेल, तर कडेला चिकटून चाललेल्या मुलाचं पायडल तिच्यावर आपटतं आणि सायकल उलटी रस्त्यावर फेकली जाते. मग गाडीच्या बाजूने कड उभी ठेवायची आणि सायकलच्या बाजूने उतरती करायची. चाक लागलं तर वर घसरून परत येईल, पायडल अडणार नाही.

पण कमी उंचीची कड मोठ्या गाड्या चढून जातात. स्विफ्टचं पोट जमिनीपासून सोळा सेंटीमीटरवर, ती पंधरा सेंटीमीटरच्या कडेला बिचकते. थार किंवा बोलेरो बिचकत नाही. म्हणून अधूनमधून उभे खांब, काँक्रीटचेच, माणसाच्या मांडीपर्यंत, वर रात्री चमकणारी पट्टी. ही पट्टी विसरायची नाही. आमच्याकडे वीज गेली की रस्त्यावर मिट्ट काळोख असतो आणि न दिसणारा खांब मोटारसायकलवाल्याचा जीव घेईल. दोन खांबांमधलं मोकळं अंतर किती, तर मारुती अल्टोची रुंदी दीड मीटरला जेमतेम कमी, रिक्षाची १.३ मीटर. म्हणजे जिथे वाट सोडायची तिथे १.३ मीटरपेक्षा जास्त सोडली की रिक्षा आत. एक-सव्वा मीटरात सायकल जाते, व्हीलचेअर जाते, मासेवाल्याचा क्रेट जातो.

स्कूटर अडत नाही. ते मान्य करायला हवं. जिथून सायकल जाते तिथून अ‍ॅक्टिव्हा जाते, आणि अ‍ॅक्टिव्हा अडवायला आडवीतिडवी दांडकी लावली तर टोपलीवाला पाववाला आणि लहान पोरंच त्यात अडकतात. त्याला उपाय दुसरा: दुचाक्यांना त्यांची हक्काची जागा आखून द्यायची, वखारीमागे आणि बँकेच्या बाजूच्या गल्लीत, जवळ, बाजारापासून मिनिटभरावर. मग उरलेल्या थोड्यांना पोलिसाने समजावणं शक्य होईल.

आणि पाणी. कोकणात रस्त्याचं काहीही करा, आधी पाण्याला विचारावं लागतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. सलग कड घातली तर पट्ट्याचा व्हाळ, म्हणजे ओढा होईल, पहिल्याच आषाढात. रस्त्याचं पाणी पट्ट्यावरून गटारात जातं, म्हणून दर दोन-तीन ब्लॉकनंतर हातभर फट सोडलीच पाहिजे. गटारावरच्या जाळ्यांच्या पट्ट्या सायकलच्या दिशेने आहेत तिथे फिरवून आडव्या करायला हव्यात. आत्ता आमच्याकडे दोन ठिकाणी त्या उभ्या आहेत आणि बारीक टायर बरोबर त्यात बसतो. त्या जाळ्यांनी वाकवलेली चाकं माझ्याकडे आली आहेत. झावळ्या, लाल माती, वाळू पट्ट्यावर साठणार, तेव्हा झाडणाऱ्या बाईंचा खराटा फिरेल एवढी रुंदी लागते. दोन मीटर असली की दोन सायकलीही शेजारून जातात.

हे सगळं लिहून आम्ही अर्ज केला. आम्ही म्हणजे मी, दोन पालक, ते गुरुजी आणि रस्त्यावरचे काही दुकानदार. दुकानदारांना तयार करणं सगळ्यात अवघड गेलं आणि त्यातही शेजारचे किराणावाले काका. "चेडवा, दारात गाडी लावूक गावली नाय तर गिरायक फुडल्या दुकानात जातला. मगे मी काय करू?" त्यांची काळजी खोटी नव्हती. माझंही गिऱ्हाईक स्कूटर दारात लावूनच येतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, तुमच्या दारात सकाळधरून उभी आसा ती गाडी गिरायकाची न्हय. ती बँकेत कामाक येणाऱ्याची." त्यांना पटलं नाही. पण ते हिशोबी माणूस; नंतर गल्ल्यावर बसल्या बसल्या लक्ष ठेवायला लागले. एका संध्याकाळी स्वतःहून आले. "ती पांढरी गाडी साडेधाक लागता ती साडेपाचाक हलता," म्हणाले, आणि चेहऱ्यावर राग होता, आमच्यावर नाही. इतकी वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकाची जागा कुणी भलताच वापरत होता. सही त्यांनी एका अटीवर केली: मालाचा टेम्पो उतरवायला जागा आणि वेळ लिहून द्यायची. अट योग्य आहे. सकाळी आठच्या आत टेम्पो, आणि दर काही दुकानांमागे समोरच्या बाजूला माल उतरवायचा एक आखलेला चौकोन, हे आम्ही अर्जात घातलं.

कार्यालयात साहेबांनी अर्ज वाचला, हे नमूद करते, कारण सगळीकडे तेवढंही होत नाही. शंका तीन काढल्या. अग्निशमनाची गाडी कशी शिरणार? तर ती आज तरी कशी शिरते, पट्ट्यावर गाड्यांची रांग असताना? कड लागली तर पट्टा मोकळा असेल, आणि ठरावीक ठिकाणी कुलूप काढून खांब उचलता येईल अशी सोय ठेवता येते. विसर्जनाची मिरवणूक? तेच खांब, तीच किल्ली, दोन दिवस आधी काढायचे, नंतर बसवायचे. तिसरी शंका पैशांची, आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं त्यांना वाटलं असावं. पण आम्ही संपूर्ण रस्ता मागितलेलाच नाही. शाळेच्या गेटपासून बँकेपर्यंतचा तुकडा मागितलाय, जिथे ब्लॉक ठेवलेले असताना सगळ्या गावाने फरक बघितला. तेवढ्याला लागणारे ब्लॉक कुठल्याही पाइपलाइनच्या कामात उरतात. तो तुकडा झाला आणि दोन पावसाळे टिकला, की एसटी स्टँडपर्यंतचा कुणाला समजवावा लागणार नाही.

स्टँडजवळ रस्ता रुंद आहे. तिथे न्यूयॉर्कने २००७ मध्ये नाइन्थ अव्हेन्यूवर केलं तसं करता येईल असं मला वाटतं: पट्टा फुटपाथला चिकटून आत, आणि उभ्या गाड्या पट्ट्याच्या बाहेर. म्हणजे गाड्याच सायकलींना आडोसा. फक्त मध्ये दार उघडेल एवढी मोकळी जागा आखून ठेवायची. ते विसरलं तर पुन्हा तीच रिम आणि तोच चिमटा माझ्या दुकानात.

पुढची बैठक शाळा सुरू व्हायच्या आत घ्या अशी विनंती केली आहे. पाऊस लागला की काँक्रीटचं काम दिवाळीपर्यंत गेलं. अर्जाची प्रत दुकानात काउंटरवर ठेवली आहे, सोबत रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा, ज्यावर फटी, खांब, जाळ्या आणि टेम्पोचे चौकोन दाखवलेत. गावातले कुणी वाचत असाल तर सकाळी नऊ ते रात्री आठ कधीही या आणि सही करा. दुसऱ्या गावचे असाल आणि तुमच्याकडे अशी कड लागली असेल, तर ती पावसात कशी टिकली ते मला कळवा, विशेषतः फटी किती अंतरावर सोडल्या होत्या आणि पाणी साचलं का. आणि येताना गाडी वखारीमागे लावा, तिथे जागा असते.